सेवाफेरी छोट्या विमानाने : वाचकांचे प्रश्न

नाशिकमधल्या काही ख्रिस्ती मंडळ्यांचे छोटे गट केनियाच्या उत्तर भागात, तुर्काना सरोवराच्या बाजूला, तिथल्या मंडळ्यांच्या भेटीला जाण्याच्या तयारीत आहेत. शेवटचा टप्पा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून आठ-दहा आसनांच्या विमानाने मातीच्या धावपट्टीवर उतरण्याचा आहे. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांतले निवडक इथे घेतले आहेत. नाशिकच्या शरणपूर भागाचे आणि पूर्व आफ्रिकेचे नाते जुने आहे. गुलामगिरीतून सुटलेला आणि शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट हा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह १८७३-७४ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत पायी आणणाऱ्यांपैकी एक होता. आज आपला शेवटचा टप्पा विमान दोन तासांत कापते, पण त्या दोन तासांचे नियम वेगळेच असतात.

प्रश्न : आम्ही नऊ जण आहोत. विमान चालवणाऱ्या संस्थेने प्रत्येकाचे अंगावरच्या कपड्यांसह वजन मागवले आहे आणि सामान माणशी १३ किलोच सांगितले आहे. मुंबई-नैरोबीच्या मोठ्या विमानात तर कितीतरी जास्त चालते. गटातल्या काही भगिनींना वजन सांगायला संकोच वाटतो. अंदाजे आकडे दिले तर चालतील का? (गटप्रमुख, नाशिकरोड)

उत्तर : अंदाजे अजिबात देऊ नका. १३ हा आकडा कुठून येतो ते पाहिले की कारण कळेल.

या भागात सेसना ग्रँड कॅराव्हॅन हे एका इंजिनाचे विमान भरपूर वापरले जाते. त्याच्या एका प्रकाराचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ३,९६९ किलो आहे. आसने, इंजिनतेल आणि पोटाखालची सामानाची पेटी धरून रिकामे विमान समजा २,३५० किलोचे आहे. उरले १,६१९. वैमानिक आणि त्याची बॅग ९० किलो. आता इंधन. तुम्ही उतरणार त्या पट्टीवर इंधन मिळत नाही, म्हणून जाण्याचे दोन तास, परतीचे दोन तास आणि वाट वाकडी करावी लागली तर राखीव एक तास, असे पाच तासांचे इंधन विल्सनवरच भरावे लागते. तासाला सुमारे १६० किलो धरा, म्हणजे ८०० किलो. हाती राहिले ७२९. नऊ माणसे सरासरी ६८ किलोची धरली तर ६१२ गेले. उरले ११७, भागिले नऊ, म्हणजे १३.

आता कागदावर लिहिलेली सरासरी ६८ आणि प्रत्यक्षातली ७४ असली तर ५४ किलो जास्त झाले. मग सामानाला माणशी सातच किलो उरतात आणि विल्सनवर, निघायच्या अर्ध्या तासात, कुणाची तरी बॅग खाली राहते. बहुतेक वेळा ती औषधांची पेटी असते, कारण तीच सगळ्यांत जड.

हा झाला वजनाचा हिशोब. हवेचा हिशोब वेगळा. विल्सन समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाच हजार फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ४ अंश सेल्सियस मानतात. दुपारी पारा २६ वर गेला तर फरक २२ अंशांचा. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे २,६४० फूट. ते साडेपाच हजारांत मिळवले की विमानाला हवा आठ हजार फुटांवर असावी तितकी विरळ मिळते. पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो, इंजिनाच्या फिरत्या पंख्याची (प्रोपेलरची) पकड कमी होते, धाव लांबते. म्हणून कागदावर बसणारे वजनसुद्धा दुपारी बसेलच असे नाही. वैमानिक पहाटेची वेळ देतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

वजन करताना प्रवासात घालणार तेच बूट, तोच जाकीट, खिशातला मोबाइल आणि खांद्यावरची पिशवी घेऊन काट्यावर उभे राहा. घरातले पायाखालचे जुने काटे दोन-तीन किलोंनी सहज फसवतात. एखाद्या व्यापारी बंधूच्या गोदामातला किंवा मार्केट यार्डातला प्लॅटफॉर्म काटा मिळाला तर एकाच सकाळी सगळ्यांचे होऊन जाते. बॅगांसाठी हुकाचा डिजिटल काटा शे-पाचशे रुपयांत मिळतो, तो परतीलाही उपयोगी पडतो.

संकोचाचे म्हणाल तर एकाच भगिनीकडे काम सोपवा. तिने एकेकीचे वजन आत घेऊन यादी थेट संस्थेकडे पाठवायची, गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. विल्सनवर पुन्हा काट्यावर उभे करतात, हेही सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि कोण कुठे बसणार हे वैमानिक ठरवील. जड माणसे मागे आणि हलकी पुढे बसली तर विमानाचा तोल मागे सरकतो, नाक वर जाऊ पाहते आणि वेग कमी झाला की सावरणे अवघड जाते. सामान चढवताना कॅराव्हॅनच्या शेपटीखाली लोखंडी टेकू लावलेला दिसेल. तो मागे बसू नये म्हणूनच असतो. तेव्हा नवरा-बायकोला शेजारची जागा मिळाली नाही म्हणून वाद घालू नका.

प्रश्न : बॅगेत काय चालते आणि काय चालत नाही? आम्ही वैद्यकीय शिबिराचे साहित्यही नेणार आहोत. (एक भगिनी, देवळाली कॅम्प)

उत्तर : ताई, आधी बॅगच. चाकांची कडक सूटकेस नको. विमानाच्या पोटाखालची सामानाची पेटी उथळ असते, तिथे दाबून बसणारी कापडी बॅगच बसते, आणि रिकाम्या सूटकेसचेच तीन-चार किलो जातात. तुमच्या कॅम्पातल्या दुकानांत लष्करी छापाच्या सॅक आणि पँटी स्वस्त आणि टिकाऊ मिळतात, पण त्या नेऊ नका. केनियात नागरिकांनी लष्करी छापाचे कपडे वापरणे अडचणीचे ठरते. कपड्यांच्या घड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालण्याची आपली सवय तिथे मोडावी लागेल. २०१७ च्या ऑगस्टपासून केनियात प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे आणि दंड मोठा आहे. विमानतळावरच्या दुकानातून मिळालेली पिशवीसुद्धा बाहेर नेता येत नाही. जुन्या साडीच्या कापडी पिशव्या शिवून घ्या.

शिबिराच्या साहित्यात पाऱ्याचे बीपी यंत्र आणि पाऱ्याचा थर्मामीटर असेल तर घरीच ठेवा. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. पारा सांडून ॲल्युमिनियमला लागला की धातू आतून पोखरत जातो आणि तो भाग कमकुवत होतो. फटीत गेलेला थेंब काढण्यासाठी विमान दिवसेंदिवस जमिनीवर ठेवावे लागते. घड्याळी तबकडीचे किंवा डिजिटल यंत्र घ्या. स्पिरिटचे मोठे कॅन, ब्लीचिंग पावडर, ऑक्सिजन सिलिंडर, गॅसची छोटी टाकी, रॉकेलचा किंवा पेट्रोलचा वापरलेला स्टोव्ह (धुतलेला असला तरी वास राहतो), इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी, काडेपेटीचे पुडे, यांतले काहीही चालत नाही. अशी वस्तू नेणे खरोखरच गरजेचे असेल तर संस्थेला आधी सांगा. काही गोष्टी ती स्वतःच्या नियमांनी वेगळ्या पोचवते. बॅगेत लपवून मात्र न्यायचे नाही.

पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायची, पेटीत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर. तुमची किती ते काढायला मिलिअँपिअर-अवरला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० ची बँक ७४ वॉट-अवर होते, ती चालते. आकडा पुसलेली बँक अडवली जाते, म्हणून लेबल शाबूत असलेली घ्या. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय तो विमानतळावरच जप्त होतो.

औषधांचे वेगळे. स्वतःपुरती औषधे चिठ्ठीसह नेता येतात. वाटपाची औषधे नेण्यासाठी केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते, आणि तुमच्या डॉक्टर-नर्सना तिथे रुग्ण तपासायचे असतील तर तिथला तात्पुरता परवाना लागतो. दोन्ही कामे यजमान मंडळीमार्फत दोन-तीन महिने आधी सुरू करा. आमचे स्पष्ट मत असे की जेवढी औषधे नैरोबीत मिळतात तेवढी तिथेच घ्यावीत. बिल पक्के असते, वेष्टनावरची भाषा तिथल्या नर्सला कळते आणि संपल्यावर तीच गोळी पुन्हा मिळते. इथून नेलेल्या वेगळ्या नावाच्या गोळ्या तुम्ही परतल्यावर कपाटात पडून राहतात.

प्रश्न : लसी कोणत्या आणि किती दिवस आधी? (मनमाड)

उत्तर : पहिली पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. ती टाळता येत नाही, आणि तिची खरी गरज परत येताना लागते. केनियातून भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. ती फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रात मिळते. मुंबईत अशी केंद्रे आहेत. पासपोर्ट सोबत न्या, कारण कार्डावर त्याचा क्रमांक लिहितात. तो एका अंकानेही चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. वय साठच्या पुढे असेल, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. ही जिवंत लस आहे. न देण्याचे कारण असेल तर तसे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते.

टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांचे डॉक्टरांना विचारून घ्या.

मलेरियावर लस नव्हे, गोळ्या. क्लोरोक्विन तिथे उपयोगाचे नाही. बहुधा डॉक्टर दोहोंतली एक देतात. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला चट्टा पडतो. उन्हाने त्वचा भाजते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्या. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुले यांना ती देत नाहीत. दुसरी अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, महाग पण परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते. लोक चुकतात ते परतल्यावर. बरे वाटतेय म्हणून गोळी सोडतात आणि तिसऱ्या आठवड्यात ताप येतो. घरी आल्यावर कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि आफ्रिकेतून आलो हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रश्न : आमच्या गटातला एक तरुण सिकलसेलचा वाहक आहे, आणि एका काकूंचे हिमोग्लोबिन कमी असते. छोट्या विमानात त्रास होईल का? (एक सेविका, सुरगाणा)

उत्तर : फार योग्य प्रश्न. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल आहे, त्यामुळे इथून निघणाऱ्या प्रत्येक गटाने तो विचारायला हवा.

मोठ्या विमानाची केबिन दाबाने भरलेली असते. कॅराव्हॅनसारख्या विमानात तसे नसते. विमान दहा-अकरा हजार फुटांवर गेले की आतली हवाही तितकीच विरळ. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन त्या उंचीवर नव्वद टक्क्यांच्या आसपास येतो, थोडी झोप किंवा डोकेदुखी होते, उतरल्यावर जाते. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसात, म्हणजे दोन्ही जनुके असतील तर, ऑक्सिजन कमी झाल्याने तांबड्या पेशी वाकड्या होऊन तीव्र वेदना उठू शकतात. त्याने असा प्रवास करू नये, किंवा तज्ज्ञ डॉक्टरांनी लेखी दिल्यावर ऑक्सिजनची सोय करूनच करावा. वाहकाला, म्हणजे एकच जनुक असलेल्याला, सहसा त्रास होत नाही, पण उंचीवर प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून त्याने पाणी भरपूर प्यावे आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागले तर लगेच सांगावे. तो वाहक आहे की रुग्ण हे नुसत्या विद्राव्यता चाचणीवरून ठरत नाही, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करून घ्या.

काकूंचे हिमोग्लोबिन आताच तपासा. दोन-अडीच महिने हाती असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्यांनी ते वर येऊ शकते. हृदयविकार, दमा, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपणाचे शेवटचे महिने, यांतले काही असेल तर संस्थेला वैद्यकीय फॉर्मवर खरे लिहा. तिथे खोटे लिहिले आणि वाटेत त्रास झाला तर मदतीला डॉक्टर नसतो.

सर्दी असताना कान दुखतात, उतरताना जास्त. नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकणे, आवंढा गिळणे, लहानग्यांना उतरताना पाजणे. नाक पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी उडू नये.

प्रश्न : मला एसटीतसुद्धा मळमळते. (सिन्नर)

उत्तर : दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि छोटे विमान थडथडते. सकाळच्या फेरीत हे बरेच कमी. पंखाजवळची जागा मागा, क्षितिजाकडे पाहा, मोबाइल वाचू नका. नाश्ता हलका करा, पण उपाशीपोटी बसू नका. प्रोमेथाझिनची गोळी, आपल्याकडे लोक ॲव्होमिन म्हणून ओळखतात ती, निघण्याआधी तास-दीड तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आलेपाक जवळ ठेवा. उलटीची पिशवी समोरच्या आसनाच्या खिशात आहे का ते बसताच बघा. आणि विमानात शौचालय नसते, तेव्हा चहा विल्सनवर बेताने.

प्रश्न : मागच्या वेळी एका गटाचे विमान पट्टी दिसत असताना माघारी फिरले आणि पैसेही पूर्ण घेतले, असे ऐकले. हे योग्य आहे का? वैमानिकाला विनंती करता येत नाही का? (पाळक, इगतपुरी)

उत्तर : पाळकसाहेब, विनंती करूच नका. गटप्रमुखाने गटाला हे आधीच बजावावे.

डोंगराळ भागातल्या कितीतरी पट्ट्या एकतर्फी असतात. चढाच्या दिशेने उतरायचे, उताराच्या दिशेने उडायचे, वारा कुठूनही असो. पट्टीच्या पुढे टेकडी असते. उतरताना एक ठरावीक जागा पार केली की पुन्हा वर उचलून घ्यायला जागा उरत नाही. म्हणून त्या जागेच्या आधी वाऱ्याचा झोत पाठून आला, पट्टीवर ढग सरकला किंवा शेळ्या आडव्या आल्या तर वैमानिक फिरतो. तुम्हाला पट्टी स्पष्ट दिसत असते, त्याला तिच्यापुढची टेकडी दिसत असते. मागच्या आसनांवरून "पोहोचलोच की आपण" असा सूर लागला की माणूस नकळत घाई करतो. छोट्या विमानांचे कितीतरी अपघात अशा 'आता आलोच आहोत तर' या दबावाने झालेले आहेत.

पाऊस हे दुसरे कारण. केनियात मार्च ते मे लांब पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस. उत्तरेत काही ठिकाणी जमीन आपल्या गोदाकाठच्या काळ्या मातीसारखी आहे. एक सर पडली की ट्रॅक्टरचे चाक रुतते तसे विमानाचेही रुतते, आणि ब्रेक लावले तरी विमान घसरत जाते. निसरड्या गवतावर थांबायला कोरड्यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते. जून ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी हे महिने निवडा. तुर्काना सरोवराच्या पूर्व काठावर वारा जोराचा असतो, तिथल्या लोयांगलानीजवळ पवनचक्क्यांचे मोठे रान उभे आहे ते उगाच नाही.

निघायच्या सकाळी गावातला एक माणूस फोनवर पट्टीचा अहवाल देतो. टाच रोवून बघितली तर किती रुतते, पाणी साचले आहे का, वाऱ्याची पिशवी कुठे तोंड करून आहे, जनावरे हाकलली का. यजमानांकडून हा माणूस कोण ते आधीच ठरवून घ्या. पुष्कळदा वैमानिक पट्टीवरून एकदा खाली येऊन जातो आणि पुन्हा वर जातो. तो उंट-शेळ्या पळवत असतो आणि जमीन पाहत असतो, घाबरू नका.

पैशांबद्दल सांगायचे तर भाडे बहुधा उडालेल्या तासांवर असते, रिकाम्या परतीच्या फेरीसह. विमान फिरले तरी इंजिन तेवढेच चालले, इंधन तेवढेच जळले. हे करारात लेखी घ्या आणि गटाच्या अंदाजपत्रकात एका जादा फेरीची रक्कम बाजूला ठेवा. वेळेचेही तसेच. गावातून परतल्यावर मुंबईचे विमान पकडण्याआधी मध्ये किमान दोन दिवस मोकळे हवेत. जाताना नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर उतरून विल्सनला जायचे असते. दोन वेगळे विमानतळ, मध्ये शहराची वाहतूक. एक रात्र नैरोबीत काढलीच पाहिजे. प्रवेशासाठी २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) आहे, तो निघण्याच्या किमान तीन दिवस आधी मागायचा असतो, पण आठवडाभर आधी करा. सेवेचे स्वरूप पाहून तात्पुरत्या कामासाठीचा स्पेशल पास लागतो का ते यजमान मंडळीला लेखी विचारा, पर्यटक म्हणून जाऊन उपदेश करण्याने त्यांनाच त्रास होतो.

प्रश्न : हार्मोनियम आणि तबला नेऊ शकतो का? आणि वाटायला बायबलच्या प्रती? (उपासनागट, शरणपूर)

उत्तर : हार्मोनियम दहा-बारा किलो, म्हणजे एका माणसाचे सगळे सामान गेले. धुळीत भाता आणि रीड बिघडतात ते वेगळेच. तबल्याला शेळीचे कातडे आहे, ते जाहीर न करता नेले तर कस्टम्स अडवू शकते. आमच्या मते, टाळ आणि खंजिरी न्या. गाणी तिथल्या मुलांना तोंडी शिकवता येतात. बायबलच्या पन्नास प्रती म्हणजे कितीतरी किलो. स्वाहिली प्रती नैरोबीत बायबल सोसायटीकडून घ्या. तुर्काना भाषेत हव्या असतील तर तिथेच विचारा. इथून फक्त पैसे न्या. वजन कमी झाल्यावर वाचलेले किलो यजमानांना विचारून त्यांच्या गरजेच्या वस्तूंनी भरा. बऱ्याचदा ते मोटारसायकलचा एखादा सुटा भाग किंवा लस ठेवण्याची थंड पेटी मागतात.

प्रश्न : साडी नेसून चालेल का? विमानाजवळ काय जपायचे? (महिला मंडळ, सातपूर)

उत्तर : चालेल, पण सलवार-कमीज सोयीची. साडीच नेसायची तर पदर खोचून, पिना लावून. चढायची शिडी अरुंद असते. कपडे सुती, बूट बंद. सिंथेटिक कापड आगीत वितळून अंगाला चिकटते.

फिरता पंखा दिसत नाही हे ध्यानात ठेवा. इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. वैमानिक हात दाखवीपर्यंत जागेवर उभे राहा आणि नेहमी मागच्या बाजूने या. कॅराव्हॅनमध्ये प्रवाशांचे दार उजवीकडे मागे असते, पुढे जाण्याचे काही कारण नाही. टोपी उडाली तर मागे धावायचे नाही. गावातली मुले विमान थांबताच धावत येतात, त्यांना आवरण्याचे काम गावच्या वडीलधाऱ्यांचे. तुम्ही उतरून लगेच त्यांच्याकडे जाऊ नका, नाहीतर ती तुमच्याकडे, म्हणजे पंख्याकडे, येतात.

प्रश्न : मला अशा सेवेत वैमानिक व्हायचे आहे. बारावी विज्ञान झालो आहे. (ओझर)

उत्तर : भारतात कमर्शियल परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण, वयाची १८ वर्षे आणि प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. वैद्यकीय आधी करा, पैसे नंतर घाला. सेवासंस्था त्यापुढे पुष्कळ जास्त तास मागतात आणि यंत्रज्ञानाची माहितीही. तुझे घर ओझरला, विमानांच्या कारखान्याच्या गावात आहे. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर होण्याचा विचार आधी कर. अभ्यासाचा खर्च वैमानिकाच्या प्रशिक्षणाहून खूप कमी आणि दुर्गम भागात यंत्रज्ञाची गरज वैमानिकाइतकीच असते. अशा सेवासंस्थांपैकी मिशन एव्हिएशन फेलोशिप ही संस्था १९४५ मध्ये महायुद्धात विमाने उडवलेल्या वैमानिकांनी सुरू केली. तिचे पहिले उड्डाण १९४६ मध्ये मेक्सिकोत बेटी ग्रीन या वैमानिक स्त्रीने केले.

प्रश्न : विमा कोणता घ्यावा? (नाशिक)

उत्तर : पॉलिसीतले बारीक अक्षर वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात बरेचदा वेळापत्रकाबाहेरच्या विमानातला अपघात वगळलेला असतो, किंवा परवानाधारक कंपनीचे तिकीट काढलेला प्रवासी अशी अट असते. विमा कंपनीला विमानाचा प्रकार आणि चालवणारी संस्था कळवून लेखी उत्तर घ्या. वैद्यकीय हवाई सुटकेचे संरक्षण स्वतंत्र आहे का तेही विचारा. विल्सनवरच अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही विमानाने रुग्ण हलवणारी सेवा आहे, १९५७ पासूनची. तिची सदस्यता घेता येते, पण भारतीय विम्याशी तिचा मेळ बसतो का हे आधी तपासा. निघताना गटाची यादी, पासपोर्टच्या प्रती, रक्तगट, आजार, विमानाचा नोंदणी क्रमांक आणि यजमानाचा फोन असे एक पान मंडळीच्या कार्यालयात आणि एक पान घरी ठेवा.